ब्लॉक हीटर, एका हिवाळ्यानंतर: कॉइल उत्तम, वायर भिकार

कॅनडातल्या एडमंटनचा अख्खा हिवाळा डिझेल पिकअपला 1000 वॅटचा ब्लॉक हीटर वापरून झाला. म्हणजे थंडीत इंजिन सुरू व्हावं म्हणून त्यातलं कूलंट (इंजिनात फिरणारं द्रव) विजेने तापवणारी कॉइल. कॉइलबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे बंपरखाली लोंबणाऱ्या प्लगची. तो जानेवारीत वितळला.

120 व्होल्टवर 1000 वॅट म्हणजे सव्वाआठ अँपिअर. रस्त्यावरचं मीठ पिनांवर चढून तिथे नुसता अर्धा ओहम रोध आला, तरी प्लगच्या पोटात तीसेक वॅट उष्णता तयार होते. एवढ्याशा रबराला ती पुरते. म्हणून प्लग काढला की झाकण लावायचंच. महिन्यातून एकदा पिना घासून डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल आणि मीठ दूर ठेवणारं, वीज न वाहणारं ग्रीस) लावायचं. हीटर अर्धा तास चालला की प्लग चाचपायचा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बदलायचा. एवढ्या महागड्या गाडीला असलं फडतूस टोक देतात, याचा संताप येतो.

आणि सर्व्हिसवाले थेट कॉइल बदलायला सांगतात, म्हणजे कूलंट काढण्याचेही पैसे! आधी मल्टिमीटर लावा. दोन चपट्या पिनांमध्ये 14-15 ओहम आले तर कॉइल आणि वायर दोन्ही शाबूत. काहीच आलं नाही तर वायर इंजिनाकडून सोडवून कॉइलवरच मोजा. तिथे आकडा मिळाला तर फक्त वायर गेली. चपटी पिन आणि अर्थिंगची गोल पिन यांच्यात जोड दिसला तर मात्र गळती आहे, जीएफसीआय सॉकेट (गळती दिसताच वीज तोडणारं) त्यामुळेच ट्रिप होतं. काही वायरींत थर्मोस्टॅट असतो, तो साधारण उणे 18 च्या खालीच जोडला जातो. अशी वायर उबदार गॅरेजमध्ये मोजली की चांगला हीटरही मेलेला दिसतो. कॉइल बदललीच, तर कूलंट भरून हवा काढेपर्यंत वीज देऊ नका. कोरडी कॉइल लगेच जळते.

एक्स्टेंशन वायर 15 मीटरपर्यंत 14 गेज, त्यापुढे 12 (आकडा लहान तितकी तार जाड). साधी पीव्हीसी वायर उणे 30 ला तडकते.

रात्रभर लावून ठेवणं मला आधी बरं वाटायचं. आता नाही. तीन-चार तासांनी इंजिन जितकी उष्णता घेतं, जवळपास तितकीच बाहेर टाकतं. बारा तासांना 12 युनिट जळतात, टायमरवर 4 मध्ये भागतं. टायमर घराबाहेर वापरण्याजोगा, 15 अँपिअरचा घ्या.

ऑइल पॅनला चिकटवायचा 250 वॅटचा पॅडही नोव्हेंबरमध्ये उधळपट्टी वाटला होता. उणे 30 नंतर मत बदललं, कारण ब्लॉक हीटर कूलंट तापवतो, पॅनमधलं ऑइल जाडच राहतं. पॅन घासून ब्रेक क्लीनरने पुसा, पॅड चिकटवा, कडेने सिलिकॉन भरा. 15डब्ल्यू-40 ऐवजी थंडीत पातळ राहणारं 5डब्ल्यू-40 सिंथेटिक ऑइल घाला.

इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर हीटरला दोष देऊ नका. फिल्टरमध्ये डिझेलचं मेण साचलेलं असतं, आणि तिथपर्यंत या हीटरची ऊब पोचत नाही. हिवाळी डिझेल भरा, अँटी-जेल (डिझेल गोठू न देणारं द्रव) थंडी पडण्याआधीच टाकीत घाला.