भिंतीवरची बंदूक: एकच फोटो की दोन चौकटी?

'चेखव्हची बंदूक' हा ट्रोप, म्हणजे गोष्टींमध्ये पुन्हा पुन्हा वापरली जाणारी युक्ती, एका चित्रातून दाखवायचाय, आणि निवडीसाठी आपल्याकडे आता दोनच चित्रं उरलीयेत. पहिलं म्हणजे भिंतीवर टांगलेल्या बंदुकीचा फोटो, दिसायला जबरदस्त, छोट्या साइझमध्येपण लगेच कळतो, पण त्यात नुसती बंदूक आहे हो, ट्रोप कुठंय? रशियन लेखक चेखव्हने १८८९ च्या एका पत्रात लिहिलं होतं की कुणी झाडणारच नसेल तर भरलेली बंदूक स्टेजवर ठेवू नये, म्हणजे मुद्दा बंदुकीचा नाहीच, आधी दाखवलेली गोष्ट नंतर कामी येण्याचा आहे, आणि ते 'नंतर' एका फोटोत मावत नाही.

दुसरं दोन चौकटींचं कॉमिक. वरच्या चौकटीत सगळे गप्पा मारतायत न मागे कोपऱ्यात बंदूक, खालच्या चौकटीत तीच बंदूक हातात. कॅप्शन झाकून बघा, तरी समजतं. माझ्यासाठी तीच खरी टेस्ट.

कॉमिकमुळे गोष्टीत पुढे काय होतं ते आधीच फुटतं, हा स्पॉयलरचा आक्षेप बरोबर आहे, खालच्या चौकटीत गोळी लागणाऱ्याचा चेहरा दिसतो. तेवढा क्रॉप करूया. कॉमिकमधली अक्षरं बारीक आहेत हेही खरं, पण बंदूक दोन्हीकडे ठळक दिसते, त्यामुळे माझं मत कॉमिकलाच.