ओवाफूल आणि लवंगेचं तेल: संत्र्याच्या दोन बहारांत वापरल्यानंतरचा अनुभव

आमचा संत्र्याचा बगीचा वरुड तालुक्यात आहे. बराचसा माल व्यापाऱ्याला झाडावरच जातो. थोडा माल मात्र आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना थेट पाठवतो. वाटेत फळ सडू नये म्हणून आंबियात (हिवाळ्यात निघणारा बहार) आणि नंतर मृगात (उन्हाळ्याच्या तोंडावर निघणारा बहार) या खोक्यांसाठी ओवाफूल, म्हणजे ओव्यातल्या थायमॉलचे खडे, आणि लवंगेचं तेल वापरलं. हिरव्या बुरशीवर चांगला गुण आला, देठाकडून सडणाऱ्या फळावर काहीच आला नाही. तपशील पुढे लिहितो, कारण बगीचेवाले विचारत असतात.

बुरशीनाशकात फळ बुडवायचं नाही हे आधीच ठरलं होतं. आमच्या ग्राहकांपैकी बऱ्याच घरांत साल टाकत नाहीत, वाळवून उटण्यात घालतात. वरून लावलेलं औषध सर्वांत जास्त सालीतच राहतं. ब्राझीलच्या संत्र्याच्या रसात कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचे अंश सापडले म्हणून 2012 साली अमेरिकेने आयात होणारा रस अडवून तपासला होता. शिवाय कार्बेन्डाझिम बुरशीच्या एकाच ठिकाणी मार करतं, त्यामुळे ती त्याला लवकर दाद देईनाशी होते. ओव्यातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल बुरशीच्या पेशीचं आवरणच खिळखिळं करतात. तिथे सरावणं तिला जास्त अवघड जातं.

हिरवी बुरशी म्हणजे पेनिसिलियम डिजिटाटम. आधी सालीवर पाणी सुटल्यासारखा मऊ डाग दिसतो, बोट लावलं की आत दबतो. मग पांढरी लव येते, तिच्या मधोमध शेवाळी हिरवी भुकटी धरते आणि भोवती रुंद पांढरी कड राहते. असं एक फळ आत असताना खोकं हललं की धूर उठावा तशी भुकटी उडते आणि सगळ्या फळांवर बसते. पण अखंड सालीतून ही बुरशी आत शिरू शकत नाही. तिला ओरखडा लागतो, काट्याची टोच लागते, नाहीतर फळ ओढून तोडताना देठापाशी फाटलेली साल लागते. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि नाजूक, म्हणून कात्रीने आखूड देठ ठेवून तोडणी केल्याशिवाय पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही.

आमची पद्धत साधी आहे. तोडलेला माल सावलीत पसरून निवडायचा, डागी फळ बाजूला काढायचं आणि त्याच दिवशी खोकी भरायची. मलमलच्या छोट्या पुरचुंडीत चिमूटभर ओवाफूल बांधून ती फळांवर अंथरलेल्या कागदावर ठेवायची. ओवाफूल आपोआप उडतं आणि त्याची वाफच काम करते. खडा थेट सालीला टेकू द्यायचा नाही, टेकला तिथे साल भाजून तपकिरी खळगा पडतो. हाताळताना हातमोजे घालायचे आणि तो हात डोळ्याला लावायचा नाही, फार झोंबतं.

आंबियाचा माल नोव्हेंबर-डिसेंबरात निघतो. तेव्हा हवा थंड असते, पुरचुंडी सावकाश उडते आणि ग्राहकाकडे खोकं पोचेपर्यंत वास टिकतो. बिनपुरचुंडीच्या खोक्यांत एक फळ लागलं, म्हणजे सडायला लागलं, की शेजारची पाठोपाठ लागत. पुरचुंडीच्या खोक्यांत लागलेलं फळ बहुतेक वेळा एकटंच निघालं, आणि मला यातला खरा फायदा हाच वाटतो. मृगाचा माल उन्हं तापायला लागल्यावर निघतो. तेव्हा ओवाफूल भराभर उडून जातं आणि लांबच्या वाटेत पुरचुंडी मध्येच रिकामी होते. जास्त घालून बघावं तर फळाला ओव्याचा वास धरतो. खोकं उघडून फळं एक-दोन दिवस मोकळ्या हवेत ठेवली की तो बराच जातो, पण भेट म्हणून मागवणाऱ्याला तो आवडत नाही. उन्हाळ्याच्या मालाला म्हणूनच मी निम्मेच गुण देईन.

लवंगेच्या तेलाची गोष्ट वेगळी. तेल पाण्यात मिसळत नाही. नुसतं ढवळून फळं बुडवली तर एकाला तेलाचा थर बसतो आणि दुसरं कोरडं राहतं. पाण्यात नीट विरघळणारं तयार द्रावण मिळालं तरच बुडवण्यात अर्थ आहे, आणि नंतर फळ पूर्ण सुकलंच पाहिजे. ओल राहिली की बुरशीचंच फावतं. एवढा खटाटोप मोठ्या पॅकहाऊसला परवडेल. घरच्या घरी भरणाऱ्याला ओवाफूलच बरं, असं माझं ठाम मत झालं आहे.

देठसडीला यातलं काहीच लागू पडलं नाही. ती बुरशी झाडावर असतानाच देठाच्या बुंध्याशी दबा धरून बसते आणि फळ पिकलं की आतून सडवत येते. बाहेरची वाफ तिथवर जाणार कशी? त्यासाठी बगीच्यातल्या वाळलेल्या फांद्या वेळेवर छाटून जाळणं हाच उपाय आहे. शीतगृहात माल ठेवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. थंडीत ओवाफूल फार कमी उडतं, आणि निळी बुरशी हिरवीपेक्षा थंडीला जास्त तग धरते.

ओवाफूल काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. लवंगेच्या तेलात भेसळ फार. अस्सल तेल पाण्यापेक्षा जड असतं, ग्लासभर पाण्यात थेंब टाकला की खाली बसतो. नुसता तरंगत राहिला तर ती बाटली घेऊ नका. माल सेंद्रिय प्रमाणपत्राचा किंवा निर्यातीचा असेल तर प्रमाणन करणाऱ्यांना आधी विचारून घ्या. येत्या आंबियात लांबच्या प्रत्येक खोक्यात पुरचुंडी जाईल. नागपूर-अमरावतीच्या मालाला ती लागत नाही, तो दुसऱ्या दिवशी घरात असतो.