२४९ रुपयांत 'अनलिमिटेड' मालवणी जेवण : आम्ही कसे फसलो

जूनचा पहिला आठवडा होता. शाळा उघडायला आठ-दहा दिवस राहिले होते, म्हणून आईला बऱ्याच वर्षांनी मालवणला घेऊन गेलो. तिचं माहेर त्याच तालुक्यातलं, पण मामा गेल्यापासून तिकडची वाट सुटली होती. "एकदा नीट मासे खाऊया," एवढंच तिचं मागणं होतं. मी हे सगळं लिहितोय ते त्या मागण्यासाठी. पैसे गेले त्याचं दुःख कमी आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यासाठी बंद झाल्या होत्या. तारकर्लीहून परत येताना दुपारचे दोन वाजले. रस्त्याला लागूनच मोठी पाटी दिसली : 'अनलिमिटेड मालवणी बुफे, फक्त २४९'. खाली सुरमई, बांगडा, कोळंबीचे फोटो आणि 'आजची ताजी सुरमई' अशी अक्षरं. एक मुलगा हात करून गाड्या आत घ्यायला लावत होता. आम्ही पाच जण, म्हणजे १,२४५ रुपये. साध्या खानावळीतही सुरमईची एक थाळी २४९ ला मिळणं कठीण, हे मला माहीत होतं. तरी मुलांना भूक लागली होती आणि आई थकली होती, म्हणून आत शिरलो.

आत टेबलांची रांग होती. भात, डाळ, एक बटाट्याची भाजी, वडे, पापड. या भांड्यांपाशी कुणी उभं नव्हतं, हवं तेवढं वाढून घ्या. मासे मात्र टोकाला वेगळ्या टेबलावर, आणि तिथे वाढायला माणूस. मी त्याला स्पष्ट विचारलं, "हे यातच आहे ना?" तो म्हणाला, "घ्या ना साहेब, बुफेच आहे." ताटात तुकडा पडला की तो खिशातल्या चिठ्ठीवर टेबल नंबरापुढे रेघ ओढायचा. ती रेघ मी पाहिली होती. ती कशासाठी हे विचारायचं सुचलं नाही. सोलकढीही तशीच, आपण न मागता ग्लास भरून टेबलावर येत होते.

पहिला घास घेतला आणि आई थांबली. "बाबू, ही सुरमय न्हय रे."

तिचं बरोबर होतं. सुरमईचा तुकडा आडवा गोल कापलेला असतो, मधोमध काटा आणि कडेला चंदेरी कातडी. आमच्या ताटात पांढरेफटक, बिनकाट्याचे चौकोनी तुकडे होते, दाबले की पाणी सुटत होतं. माझ्या मते तो बासा होता, तळ्यात वाढवतात तो. सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही, पण चाळीस वर्षं सुरमई साफ केलेल्या बाईला ती ओळखता येते. आणि मुळात १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो, म्हणून. त्या सकाळीच आम्ही बंदरावर होड्या वर ओढून ताडपत्रीनं झाकलेल्या पाहिल्या होत्या. बर्फातली सुरमई त्या दिवसांत मिळू शकते, खाडीतली छोटी मासळीही मिळते, पण 'आजची ताजी सुरमई' कुठून येणार? सोलकढीला नारळाच्या दुधाची चव नव्हती, नुसता गुलाबी रंग.

मग बिल आलं. बुफे १,२४५. 'फिश फ्राय' सात तुकडे, १८० प्रमाणे १,२६०. सोलकढीचे सहा ग्लास ३००. पाण्याच्या तीन बाटल्या १२०. धाकट्यानं ताटात भात टाकला म्हणून 'वेस्टेज' १००. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर पाच टक्के जीएसटी. एकूण ३,४९४.

पाटीवर काय लिहिलंय ते दाखवतो म्हटल्यावर मालकानं खालच्या बारीक ओळीकडे बोट केलं : 'फिश व पेये वेगळे'. वर सुरमईचे फोटो आणि खाली ही ओळ. आजूबाजूची माणसं बघत होती. आई म्हणाली, "देऊन टाक, नको भांडण." तिचा चेहरा उतरला होता. मला राग आला तो त्यामुळे.

पाण्यासाठी मी भांडलो नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला हॉटेलांना मुभा आहे, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसा निकाल दिला आहे. पण सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसं बजावलं, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. जीएसटीचं तर आणखी सोपं. कर घेता, मग बिलावर १५ आकडी नंबर कुठे? महाराष्ट्रातल्या नोंदणीचा तो २७ नं सुरू होतो. अन्न परवान्याचा १४ आकडी नंबरही बिलावर हवा. आमच्या हातात वहीतून फाडलेला कागद होता. मी दोन्ही नंबर मागितले, आवाज न चढवता. दोन मिनिटांत सर्व्हिस चार्ज, जीएसटी आणि ते शंभर रुपये खोडले गेले. उरले २,९२५. यूपीआयनं भरताना पडद्यावर हॉटेलचं नाव नव्हतं, कुणा व्यक्तीचं होतं.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बंदीच्या दिसांत कोण सुरमय देतलो २४९ क?" रात्री त्यांनी कुळथाची पिठी, भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा वाढला. मे महिन्यातच बेगमी करून ठेवलेला. आई दोनदा भात घेऊन जेवली. अशी घरं आणि खानावळी तिथे पुष्कळ आहेत. दर तोंडी सांगतात, आणि तेवढेच घेतात. त्या पाटीमुळे त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईकही पळतं.

दुसऱ्या दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. कागदाचा आणि यूपीआयचा फोटो पाठवला. मग जाहिरातीचा पुरावा शोधायला घेतला. पाटीचा फोटो आम्ही काढलाच नव्हता. पण आत शिरताना मोठीनं भावाचा एक फोटो काढला होता, त्यात मागे पाटी आली आहे. २४९ चा आकडा आणि सुरमईचं ताट स्वच्छ दिसतं. खालच्या ओळीपुढे शोभेची मोठी कुंडी ठेवलेली आहे, एक अक्षरही वाचता येत नाही. तो फोटो तक्रारीला जोडला आहे.