हा च्योंगवेन यांच्या 1959 सालच्या भित्तिपत्रकाची प्रतिकृती

शांघायचे चित्रकार हा च्योंगवेन (‘हा’ हे त्यांचे आडनाव) यांच्या ‘अध्यक्ष माओ चिरायू होवोत’ या 1959 सालच्या गाजलेल्या भित्तिपत्रकाची प्रतिकृती मी गेल्या महिन्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 1,400 रुपयांना मागवली. पुठ्ठ्याच्या नळीतून आलेल्या चित्राला एकही घडी पडलेली नव्हती आणि कागद जाड, बिनचकाकीचा आहे.

छपाई मन लावून केलेली आहे. आईच्या गडद पोशाखामागे पसरलेला फुलांचा गुलाबी रंग जरा चढला तरी सारे चित्र भडक दिसले असते. इथे तो मवाळ राहिला आहे आणि खांद्यावरच्या लेकराचा चेहरा त्यामुळे उजळून निघतो. ज्याच्या जयघोषासाठी हे चित्र काढले, तो नेता त्यात कुठेही दिसत नाही, त्याच्याविषयीचे प्रेम मायलेकरांच्या आनंदातूनच उमटते, आणि चित्रकार म्हणून हा यांची खरी ताकद मला याच निर्णयात दिसते. पुढे सांस्कृतिक क्रांतीत मात्र माओंचे चित्र का नाही आणि आईचा पोशाख असा श्रीमंती का, हेच त्यांच्यावरचे आरोप ठरले.

म्हणूनच या प्रतीतील एक उणीव मला फार खटकली. घोषणेची ठळक अक्षरे शाबूत आहेत, परंतु मूळ भित्तिपत्रकांच्या तळाशी चित्रकार, प्रकाशनसंस्था, आवृत्ती आणि किंमत यांची जी बारीक अक्षरांतील नोंद असते, ती समासासकट कापून टाकली आहे. 1925 साली जन्मलेल्या आणि 2012 साली निधन पावलेल्या या माणसाने शांघाय पीपल्स फाइन आर्ट्स प्रकाशनगृहासाठी वर्षानुवर्षे भित्तिपत्रके काढली, आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तर अनेक भित्तिपत्रकांवर व्यक्तीऐवजी गटाचेच नाव छापले जात असे. अशा कलावंताची कारकीर्द आपल्यापर्यंत पोहोचते ती त्या एका ओळीतून. ती कापली की उरते केवळ ‘जुने चिनी पोस्टर’, आणि विक्रेत्याने वर्णनातही तेवढेच लिहिले होते.

नुसती भिंत सजवायची असेल, तर प्रत खुशाल घ्यावी. चित्रकारासाठी घेणाऱ्यांनी मात्र तळाच्या समासाचे छायाचित्र आधी मागून घ्यावे. मी तक्रार कळवल्यावर विक्रेत्याने निम्मी रक्कम परत देऊ केली. ती नाकारून मी समासासह छापलेली प्रत मागितली आहे.