गोरखचिंच बघायला मांडू की विजापूर?

गोरखचिंचेची (बाओबाबची) जुनी अवाढव्य झाडं आणि सुलतानी अवशेष एकाच फेरीत बघायचे असतील तर पुणेकरांपुढे दोन वाटा आहेत. सोलापूरमार्गे विजापूर साधारण साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे शनिवार-रविवारात उरकतं. नाशिक, धुळे, सेंधवा करत मध्य प्रदेशातलं मांडू साडेपाचशेच्या वर जातं, शिवाय बिजासन घाटात ट्रकांच्या मागे रखडायची तयारी हवी. तिथे दोन मुक्काम नसतील तर निघूच नये.

झाडांसाठी जाणार असाल तर मात्र मांडूच. मूळच्या आफ्रिकेतल्या गोरखचिंचा तिथे शोधाव्या लागत नाहीत. रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर, पडक्या कमानींशेजारी त्या उभ्याच असतात. पिंपासारखे फुगलेले बुंधे, राखाडी गुळगुळीत साल आणि त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांनी कोरलेली नावं (हा रोग दोन्हीकडे सारखाच). टपऱ्यांवर ‘मांडू की इमली’ म्हणून फळं मिळतात. मखमली लव असलेलं टणक कवच फोडलं की आत पांढरा, कोरडा गर. जिभेवर ठेवला की आधी पिठूळ लागतो, मग सणसणीत आंबट. ‘हजार वर्षांचं झाड’ असं कुणी ठासून सांगितलं तर मान डोलवावी आणि पुढे जावं. या झाडांचे बुंधे आतून पोकळ होत जातात, त्यामुळे वय काढणं अवघडच असतं.

विजापुरात जुन्या गोरखचिंचा आहेत, पण मोजक्या, आणि विचारत विचारत गाठाव्या लागतात. तिथे जायचं ते इमारतींसाठी. गोलघुमटाचा घुमट आतून जवळजवळ 38 मीटर व्यासाचा आहे. सकाळी दार उघडताच जिने चढून सज्जात पोहोचा, तरच एका बाजूची कुजबुज पलीकडे ऐकू येते. शाळेच्या सहली आल्या की नुसत्या आरोळ्या. मला मात्र त्याहून इब्राहिम आदिलशहाची कबर असलेला इब्राहिम रोजा आवडतो. मराठी माणसाला अफझलखानामुळे साठ कबरीही बघाव्याशा वाटतात. त्याने प्रतापगडाकडे निघण्याआधी आपल्या बायका मारल्या ही तिथली दंतकथा, पण ओळीने मांडलेल्या कबरी खऱ्याच.

मांडूत एकेका इमारतीचा तेवढा दरारा नाही. दोन तलावांमधला जहाज महाल पावसाळ्यात तलाव भरले की नावाला जागतो, एरवी साधाच वाटतो. माळव्याचा सुलतान होशंगशाहची संगमरवरी कबर मात्र कुठल्याही ऋतूत बघावी.

आता मोसम. पावसाळ्यात मांडूची झाडं पानांनी गच्च असतात, पण धुक्यामुळे रूपमती मंडपातून नर्मदा दिसेलच असं नाही. हिवाळा सरता सरता पानं गळतात, फांद्यांचा सांगाडा उघडा पडतो आणि फोटो त्याचेच चांगले येतात. विजापूर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च उलटला की दगड तापतो.

घरातली वडीलधारी बरोबर असतील तर विजापूर सोपं पडतं. रस्ता सपाट, मराठी बऱ्यापैकी चालते, आणि ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी त्यांना परकी वाटणार नाही. मांडूला गेलातच, तर परतताना महेश्वरला अहिल्याबाईंचा घाट बघून घ्या. तेवढ्यासाठी आणखी अर्धा दिवस हाताशी ठेवा.