रील की बैठक? स्वतःची गाणी करणाऱ्याने वेळ कुठे घालावा

गाणं रेकॉर्ड झालंय, मिक्सही झालंय, आता ते लोकांपर्यंत न्यायचं कसं, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढतो. नोकरी सांभाळून गाणी करणाऱ्या माणसाकडे आठवड्यात मोकळे तास असतात थोडेच आणि ते दोन ठिकाणी जाऊ शकतात. एक तर नेमाने रील टाकत राहायचं. नाहीतर कुणाच्या घरी, सोसायटीच्या हॉलमध्ये, एखाद्या लहान कॅफेत तीस-चाळीस लोकांसमोर बैठकी करत राहायचं. दोन्ही करा असं सगळे सांगतात, पण दोन्ही जीव लावून करणं एकट्याला झेपत नाही, एडिटिंग करणारा मित्र हाताशी असेल तर गोष्ट वेगळी. मी दोन्ही केलंय आणि आता एकाकडे जास्त झुकलोय. मी गिटारवर मराठी गाणी गातो, शब्द कधी माझे कधी मैत्रिणीचे, तेव्हा हा अनुभव तशा संगीताचा आहे हे धरून वाचा.

आधी रीलची बाजू घेतो, कारण ती खरंच भक्कम आहे. कुणाची परवानगी लागत नाही, हॉलचं भाडं नाही, लेबलवाल्याच्या ऑफिसात जाऊन बसायचं नाही. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने 2014 साली आयपॅडवर स्वतःचा व्हिडिओ शूट करून टाकला आणि तिथून त्याचं नाव देशभर गेलं, तेव्हा रील नव्हते, यूट्यूब होतं, पण गोष्ट तीच, कॅमेरा स्वतःच्या हातात असला की मधला माणूस लागत नाही. मुंबईच्या हिपहॉपने हे दाखवून दिलंय आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. शिवाय मुलुंडला बसून गायलेलं गाणं नांदेडला, कोल्हापूरला, दुबईतल्या मराठी घरात पोचतं हे बैठकीने कधीच होणार नाही. मला एका बाईंनी मेसेज केला होता की त्या माझं गाणं लेकीला झोपवताना लावतात, त्या राहायला लातूरला. असा मेसेज आला की आठवडाभर अंगात बळ येतं, हे मी नाकारत नाही.

आणि रील शिकवतंही खूप. लोक गाणं कुठे सोडून जातात ते दिसतं. इंट्रो लांबलेली आहे का, शब्द कानावर नीट पडतात का, देवनागरीत सबटायटल टाकले की ऐकणारा जास्त थांबतो का, हे कळायला लागतं. माझ्या बाबतीत देवनागरी सबटायटलने नक्की फरक पडला, आकडे मांडून दाखवू शकणार नाही पण कमेंट बदलल्या, आधी लोक आवाजाबद्दल लिहायचे, मग ओळींबद्दल लिहायला लागले.

आता वेळेचं. एक बरं रील करायला जितकी संध्याकाळ जाते तितक्यात एक कडवं लिहून होतं, हे मी बऱ्याचदा अनुभवलंय. लाइट, अँगल, आवाज वेगळा रेकॉर्ड करून जुळवायचा, खाली रस्त्यावर हॉर्न वाजला की पुन्हा घ्यायचं. तेही चालेल, पण हळूहळू गाणं लिहितानाच डोक्यात यायला लागतं की पहिल्या पाच सेकंदांत काय, हुक, म्हणजे ऐकणाऱ्याला लगेच पकडणारी ओळ, कुठाय, आणि अंतरा मागे पडतो. माझ्या गाण्यांचा जीव अंतऱ्यात असतो. तरी एवढ्यावरून मी रील सोडले नसते.

मला खरा त्रास झाला तो नावाचा.

पावसावरचं एक गाणं होतं. रीतसर डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग अॅपवर पोचवणाऱ्या कंपनीकडून, रिलीज केलेलं, रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा आयएसआरसीचा बारा अक्षरी कोड वगैरे सगळं जागेवर, शब्द कुणाचे, संगीत कुणाचं, सगळं भरलेलं. मी त्याचं रील टाकलं, बरं चाललं. मग कुणीतरी त्यातला आवाज उचलून स्वतःच्या घाटातल्या ट्रेकच्या व्हिडिओला लावला आणि नव्याने अपलोड केला. आता असं नव्याने अपलोड केलं की त्या आवाजाखाली अपलोड करणाऱ्याच्या अकाउंटचं नाव येतं, गाणाऱ्याचं येत नाही. पुढच्यांनी तो आवाज त्या ट्रेकवाल्याकडून घेतला, त्यांच्याकडून आणखी कुणी, आणि पावसाळाभर ते वीस सेकंद सगळीकडे वाजत होते, धबधब्यांवर, भज्यांच्या प्लेटवर, लोकलच्या दारात उभ्या असलेल्या पोरांच्या व्हिडिओवर, आणि त्यात माझं किंवा जिने ते शब्द लिहिले तिचं नाव कुठेच नव्हतं. मी त्या पेजवाल्यांना मेसेज केले, काहींनी प्रेमाने टॅग टाकला, काहींनी मेसेज उघडूनही पाहिला नाही. तक्रारीचा फॉर्म असतो, तो भरता येतो, पण प्रत्येक कॉपीसाठी वेगळा भरायचा आणि तोवर दहा नव्या कॉप्या आलेल्या असतात.

त्याच सुमारास ठाण्यात एका कार्यक्रमात मी ते गाणं गायलो. नंतर एक कॉलेजचा मुलगा आला, अगदी चांगल्या मनाने म्हणाला, दादा तुम्ही ते ट्रेकवाल्या पेजचं गाणं मस्त कव्हर केलंत. मी त्याला सांगितलं की ते माझंच आहे, तो बिचारा ओशाळला, त्यात त्याची काही चूक नव्हती. पण मैत्रीण तिथेच उभी होती, शब्द तिचे, आणि तिचा चेहरा मला अजून आठवतो. लोक आपलं गाणं गुणगुणतायत आणि आपल्याला ओळखत नाहीयेत, यात आनंद आहे असं म्हणणारेही असतील, लोकगीतांचं असंच होतं म्हणतील, ठीक आहे. पण ज्याला पुढचं गाणं करायचंय, त्यासाठी स्टुडिओचे पैसे उभे करायचेत, त्याला ऐकणारा माणूस परत सापडायला हवा, आणि नाव गेलं की सापडण्याचा धागाच तुटतो.

बैठकीत हे होत नाही. माणूस समोर बसलेला असतो, त्याला माहीत असतं की हे गाणं या दोघांचं, कारण मी गाण्याआधी सांगतो की शब्द अमुकने लिहिलेत आणि ती तिथे तिसऱ्या रांगेत बसलीय. शेवटी वहीत नाव आणि नंबर लिहून घेतो. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 लोक बसतात आणि मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. सुरुवातीला ही अडचण वाटते, मला आता तीच सगळ्यात मोलाची बाब वाटते, कारण माझ्या यादीतल्या प्रत्येक माणसाने आपल्या फोनमध्ये माझं नाव स्वतःच्या हाताने टाइप केलंय. पुढच्या बैठकीचा मेसेज टाकला की त्यांतले बरेच जण येतात आणि येताना कुणाला तरी घेऊन येतात.

अॅपवरचा माणूस तसा आपला नसतो. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि गावागावातल्या कलाकारांचे लाखोंनी फॉलोअर एका रात्रीत गेले, बंदीच्या बऱ्यावाईटात मी शिरत नाही, पण ज्यांनी तिथे नाव कमावलं होतं त्यांना दुसऱ्या अॅपवर शून्यापासून उभं राहावं लागलं. गाणी ऐकायच्या अॅपचंही तेच, 2024 मध्ये रेसो भारतातून गेलं, विंक बंद झालं, तिथल्या प्लेलिस्टही गेल्या. वही मात्र कपाटात राहते.

आपल्याकडे बैठक काही नवी नाही. गिरगावच्या लक्ष्मीबागेत मोठमोठ्या गवयांच्या बैठकी झाल्यात, गणपतीत चाळीतल्या कार्यक्रमांनी कितीतरी गायक घडवलेत. सोफार साउंड्स लंडनला 2009 मध्ये सुरू झालं, त्यांच्या घरगुती मैफली मुंबईतही होतात, कोण गाणार ते आधी सांगत नाहीत, तिथे संधी मिळाली तर जरूर घ्या. तिथला श्रोता ऐकायलाच आलेला असतो, खाताना मागे गाणं चालू असतं तसला प्रकार नसतो.

बैठकीचे तोटेही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. वाढ फार हळू होते, सुरुवातीला तेच तेच ओळखीचे चेहरे दिसतात आणि वाटतं आपण मित्रांनाच त्रास देतोय का. गिटार आणि छोटा अॅम्प घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढणं हे मुंबईकराला समजावून सांगायला नको, मी लगेजच्या डब्यात चढतो आणि तरी कव्हरला ओरखडे येतातच. जुलैमध्ये पाणी तुंबलं की कार्यक्रम रद्द. शेजारी चांगले नसतील तर पहिल्याच गाण्याला बेल वाजते. आणि सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे लातूरच्या त्या बाई माझ्या बैठकीला कधी येणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पैशाचं दोन्हीकडे थोडंच असतं. रीलवरून लोक स्ट्रीमिंगला गेले तर तिथे काहीतरी मिळेल अशी आशा असते, पण 2024 पासून स्पॉटिफायवर एका गाण्याला बारा महिन्यांत 1000 स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याची रॉयल्टीच सुरू होत नाही, नव्या माणसाच्या कितीतरी गाण्यांचं तिथेच अडतं. बैठकीत मी दाराशी क्यूआर कोड ठेवतो, ज्याला जे द्यायचं ते देतो, आणि त्यातून साथीदाराचं मानधन निघतं. माझ्यापुरतं बोलायचं तर बैठकीची एक संध्याकाळ बहुतेक वेळा महिन्याच्या स्ट्रीमिंगपेक्षा जास्त देऊन जाते. तुमचं उलटं असू शकतं, विशेषतः गाणं हिंदीत असेल तर.

कुणी काय निवडावं यावर माझं मत असं. बीट बनवणारे, रॅप करणारे, ज्यांचं संगीत स्टुडिओतच पूर्ण होतं, त्यांना दिवाणखान्यात बसून न्याय मिळणार नाही, त्यांनी व्हिडिओच करावेत आणि जोरात करावेत. वय विशीच्या आत असेल, मित्रमंडळी सगळी रीलवरच असतील, तर तिथेच सुरुवात होणं साहजिक आहे. पण शब्दांवर चालणारी गाणी असतील, ऐकायला चार मिनिटं शांतता लागत असेल, आणि मुंबई, ठाणे, पुण्यात जाणं-येणं जमत असेल, तर मी बैठकीकडेच बोट दाखवीन. रील मी पूर्ण सोडलेले नाहीत, बैठकीतला एखादा तुकडा टाकतो, पण आता व्हिडिओच्या कोपऱ्यात गाण्याचं, गीतकाराचं आणि माझं नाव मोठ्या देवनागरी अक्षरांत पहिल्यापासून शेवटपर्यंत ठेवतो, म्हणजे कुणी अख्खा व्हिडिओ उचलला तर नाव सोबत जाईल. नुसता आवाज उचलला तर त्याला इलाज नाही.

काहीही निवडा, एक कागदोपत्री काम आधी उरका. गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचं सभासद व्हा, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून त्यांना देणारी ही संस्था 1969 पासून आहे आणि ऑफिस मुंबईतच आहे. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का केलाय, तो सही करून दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही, पण गाणी स्वतःच्या नावावर नोंदवलेलीच नसतील तर हक्क असून उपयोग काय. डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये गीतकाराचा रकाना बरेच जण घाईत रिकामा ठेवतात, तसं करू नका, आणि नावाचं रोमन स्पेलिंग एकच ठरवून सगळीकडे तेच वापरा.

पहिली बैठक करायची असेल तर घर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं बघा, निम्मे लोक त्यावरच ठरवतात यायचं की नाही. शनिवार बरा, रविवारी दुसऱ्या दिवसाचं ऑफिस डोक्यात असतं. गच्चीवर करणार असाल तर स्पीकर 10 च्या आत बंद करावा लागेल, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून सातला सुरू करा आणि नऊपर्यंत गाणी संपवा, उरलेला वेळ लोकांशी बोलायला ठेवा. वही आणि दोन पेनं दाराशी ठेवा, यजमानांच्या घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला तिथे बसवा, आणि लोकांना तिथल्या तिथे नंबर सेव्ह करायला सांगा, घरी गेल्यावर कुणी करत नाही.