पांढरी डबी, लेबल नाही

मी स्टेरॉइडला घाबरत होते, म्हणून चार महिने माझ्या लेकीच्या अंगाला स्टेरॉइडच चोळत राहिले.

ती चौदा महिन्यांची असताना गालांवर आणि कोपरा-गुडघ्यांच्या खोबणीत एक्झिमा उठला. रात्रभर खाजवायची, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. बालरोगतज्ज्ञांनी १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनची ट्यूब लिहून दिली आणि मॉइश्चरायझर भरपूर लावा म्हणाले. ट्यूब किती दिवस, किती पातळ लावायची, थांबवायची कधी, काहीच नाही. बाहेर पुढचा पेशंट ताटकळत होता. घरी येऊन आतला कागद उलगडला, 'स्टेरॉइड' वाचलं आणि ट्यूब कपाटात गेली.

मग ओळखीतून त्या ताई मिळाल्या. निसर्गोपचार करायच्या. तासभर त्यांनी माझं ऐकून घेतलं. बाळंतपण कसं झालं, दूध पुरतं का, मी स्वतः झोपते की नाही, सगळं विचारलं. कित्येक महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आज वाटतं, पैसे मी त्या तासाचेच मोजले, क्रीम वर फुकट आलं.

डबी पांढरी, क्रीमही पांढरंशुभ्र, बिनवासाचं. "शुद्ध वनस्पतींचा अर्क." पाल्याचा अर्क हिरवट नाही तर मातकट तरी दिसेल, थोडा वास तरी मारेल, एवढी साधी शंका मला आली नाही. घटक लिहिलेले नव्हते. कुणी बनवलं, बॅच नंबर काय, मुदत कधीपर्यंत, काही नाही. "डॉक्टरांपाशी बोलू नकोस हं, त्यांना हे पटत नाही," हेही जाता जाता सांगून झालं.

तिसऱ्या दिवशी कातडी तुकतुकीत. मी रडले आनंदाने. भेटेल तिला नंबर देत सुटले. त्यातल्या दोघींनी आपापल्या मुलांसाठी डबी नेली, हे मला अजून छळतं.

क्रीम दोन दिवस चुकलं की चट्टे दुपटीने उसळायचे. ताई म्हणायच्या, "अगं, आतलं विष बाहेर पडतंय, चांगली खूण आहे ही," आणि नवी डबी हातात. डायपरच्या आतही लावायला सांगितलं होतं. झाकलेल्या कातडीतून औषध कितीतरी जास्त शोषलं जातं, हे मला फार उशिरा कळलं.

लेकीचे गाल गोल झाले. सगळे म्हणायचे, काय गुटगुटीत झालीय! कौतुक कुणाला नको असतं? पाठीवर बारीक लव आली, तीही मी मनावर घेतली नाही. लसीसाठी गेलो तेव्हा तिथल्या नव्या डॉक्टरबाईंनी वाढीचा तक्ता काढला. वजन भराभर वर गेलेलं, उंची मात्र जिथल्या तिथे. "अंगाला काय लावता?" पहिल्यांदा मी "काही नाही" म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा डबी काढून दिली.

सकाळच्या रक्ततपासणीत कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, जवळजवळ नव्हतंच. प्रयोगशाळेत क्रीममध्ये क्लोबेटासॉल नावाचं फार जोरदार स्टेरॉइड निघालं. हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा त्याचा जोर ६०० पटींपर्यंत धरतात. कपाटातल्या ट्यूबचं सीलही मी फोडलं नव्हतं.

डॉक्टरबाईंना याचं नवल वाटलं नाही. ब्रिटनमध्ये १९९९ साली त्वचारोगासाठी दिली जाणारी ११ हर्बल क्रीमं तपासली होती, ८ मध्ये डेक्सामेथॅसोन हे स्टेरॉइड निघालं. २००३ साली तिथेच मुलांना लावली जाणारी २४ क्रीमं तपासली, २० मध्ये स्टेरॉइड. म्हणजे माझी अक्कल जिथे गहाण पडली तिथे आधी बरेच आईबाप जाऊन आलेले.

ताईंना फोन केला. "तू जास्त लावलंस," म्हणाल्या. नंतर नंबरच लागेना.

मी काही निसर्गोपचाराच्या नावाने बोटं मोडत बसलेली नाही. साबण कमी करणं, कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, ओल्या अंगावरच मॉइश्चरायझर, नखं कापलेली, सुती कपडे, हे सगळं आता डॉक्टरबाईच करायला लावतात आणि त्याने खरंच फरक पडतो. चट्टे उठले की तीच सौम्य ट्यूब, बोटाच्या पेराएवढी, आणि ती कुठवर पुरवायची हे त्यांनी माझ्या तळहातावर मोजून दाखवलं. त्याला दहा मिनिटं लागली. पहिल्यांदाच कुणी ती दिली असती तर!

तुमच्याकडे अशी बिनलेबलाची, चटकन गुण देणारी डबी असेल तर घाबरून ती एकदम बंद करू नका, फेकूही नका. स्टेरॉइड बरेच दिवस बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं सोडून देतं, आणि अचानक तोडलं तर मूल गंभीर आजारी पडू शकतं. डबी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि किती दिवस, कुठे कुठे लावलं ते खरं सांगा. कमी पडलेलं कॉर्टिसोल भरून काढायला माझ्या लेकीला हायड्रोकॉर्टिसोनची गोळी सुरू केली, ती हळूहळू उतरवत नेली. मधे ताप आला की डोस वाढवायचा. तो चार्ट अजून फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे.